‘येशूच्या नावात’ म्हणजे काही ओटीपी नाही

आमच्याकडे प्रार्थना सभेत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय, शेवटी ‘येशूच्या नावात’ म्हटलं आणि विश्वास पक्का असला की मागितलं ते मिळणारच, नाही मिळालं तर विश्वासच कमी पडला म्हणायचं. बायबलमधलं वचन काय दाखवतात, तर योहान 14:13, ‘माझ्या नावात जे काही मागाल ते मी करीन’ असं येशू म्हणतो ते. पण कुणाच्या नावात मागणं म्हणजे त्या माणसाच्या वतीने, त्याला पटेल असं मागणं. मालकाच्या नावावर दुकानातून उधारीत सामान आणायला जाता तेव्हा मालकाने सांगितलेलंच आणता ना, स्वतःसाठी मोबाईल नाही उचलत!

आणि विश्वास कमीचं म्हणाल तर येशूचा प्रेषित पौल याचं बघा, शरीरातला काटा (म्हणजे त्याला छळणारा त्रास) निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा काही निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर आलं (2 करिंथ 12). खुद्द येशूने पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत देवाला प्याला, म्हणजे पुढ्यातलं दुःख आणि मरण, टळू दे म्हटलं, आणि लगेच तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असंही म्हटलं. आता त्याचा पण विश्वास कमी होता का?

मग मागायचं काय? येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतच बघा ना, आधी देवाचं नाव, राज्य, इच्छा, मग भाकर, ती पण आजच्यापुरती (रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न म्हणजे मान्ना, तो उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडायचे, निर्गम 16), मग क्षमा. नोकरी, आजारपण, भाडं सगळं मागा हो, बिनधास्त मागा. फक्त आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याचा विश्वास मोजू नका.