विजेचा पहिला मोठा शोध: रासायनिक परिणामांची पार्श्वभूमी

शाळेच्या पुस्तकात विद्युतधारेचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी विद्युतघट आणि परिपथ, मग बल्ब, मग विद्युतचुंबक आणि घंटा, आणि रासायनिक परिणाम बहुधा शेवटी. त्यामुळे हे प्रकरण उरलंसुरलं वाटतं. इतिहासात मात्र क्रम नेमका उलटा आहे. वाहत्या विजेबद्दल माणसाला कळलेली पहिली मोठी गोष्ट म्हणजे तिचा रासायनिक परिणाम: द्रावणातून वाहताना ती पदार्थ फोडून त्याचे घटक वेगळे करते. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे ओर्स्टेडने 1820 मध्ये दाखवलं. एडिसनचा दिवा 1879 चा. रासायनिक परिणाम 1800 सालीच हाती आला होता, तोही विद्युतघटाचा शोध कळल्यावर काही आठवड्यांतच.

त्याआधी वीज म्हणजे ठिणगी. काच किंवा गंधक घासून यंत्रात विद्युतप्रभार साठवायचा आणि एका क्षणात मोकळा करायचा. सलग वाहणारी वीज कुणाकडेच नव्हती. ती मिळवली इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची, मग मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चांदी, पुन्हा जस्त, अशी चवड रचत गेलं आणि तिच्या दोन्ही टोकांना तारा जोडल्या की त्यांतून वीज वाहत राहते. 20 मार्च 1800 रोजी त्यांनी हे पत्राने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना कळवलं. बँक्स यांनी पत्र जाहीर वाचनाआधीच काही परिचितांना दाखवलं. त्यांत अँथनी कार्लाइल हे शल्यचिकित्सक होते. त्यांनी आपले मित्र विल्यम निकल्सन यांना सोबत घेतलं आणि 17 चांदीची हाफ-क्राउन नाणी, तेवढेच जस्ताचे तुकडे आणि मिठाच्या पाण्यातले पुठ्ठे घेऊन चवड उभी केली.

पुढे जे घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे. तार आणि वरची चकती यांचा संपर्क पक्का व्हावा म्हणून त्यांनी चकतीवर पाण्याचा एक थेंब ठेवला होता. तार जिथे टेकत होती, तिथे बारीक बुडबुडे येताना कार्लाइल यांना दिसले. निकल्सन यांना त्याला हायड्रोजनसारखा वास वाटला. थेंब फक्त संपर्कासाठी होता, पण दोघांनी ती गोष्ट सोडून दिली नाही. 2 मे रोजी त्यांनी काचेची नळी पाण्याने भरली, दोन्ही तोंडांना बुचं लावली आणि बुचांतून पितळेच्या तारा आत घातल्या. तारांच्या टोकांत जेमतेम पावणेदोन इंचांचं अंतर होतं. एका तारेपासून बुडबुड्यांची बारीक धार सुटली. दुसऱ्या तारेवर बुडबुडे नव्हते, पण ती काळवंडत गेली. ऑक्सिजन बाहेर येण्याऐवजी पितळेशीच संयोग पावत होता. न गंजणारी प्लॅटिनमची तार लावल्यावर दुसऱ्या टोकालाही वायू दिसू लागला.

पाणी हे मूलद्रव्य नाही, ते हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं बनलेलं आहे, हे कॅव्हेंडिश आणि लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञांच्या कामातून तोवर समजलं होतं. ठिणग्या पाडून पाण्याचे वायू वेगळे करण्याचा प्रयोगही 1789 मध्ये हॉलंडमध्ये झाला होता. पण त्यात दोन्ही वायू एकाच जागी, मिसळून यायचे. इथे हायड्रोजन या टोकाला आणि ऑक्सिजन त्या टोकाला येत होता. त्याच वर्षी जर्मनीत योहान रिटर यांनी दोन्ही वायू वेगवेगळ्या नळ्यांत गोळा केले. शाळेत आपण करतो तो प्रयोग जवळपास हाच. हायड्रोजनची नळी ऑक्सिजनच्या नळीपेक्षा दुप्पट भरते.

निकल्सन यांना यातलंच एक कोडं पडलं आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. पाण्याचा एखादा कण फुटत असेल, तर त्याचे दोन्ही भाग एकाच ठिकाणी सुटायला हवेत. मग एक भाग इथे आणि दुसरा पावणेदोन इंच लांब कसा? मधल्या पाण्यात तर काहीच हालचाल दिसत नाही. या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मिळायला 80 हून अधिक वर्षं लागली.

उत्तर नसलं तरी काम थांबलं नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विचार केला, की वीज पाणी फोडते, तर ज्यांना कुठलंच रसायन फोडू शकत नाही असे पदार्थही ती फोडेल. पोटॅश, म्हणजे राखेपासून मिळणारा अल्क, हा असाच एक हट्टी पदार्थ. पोटॅशच्या द्रावणातून वीज सोडली तर पाणीच फुटायचं आणि पोटॅश जसाच्या तसा. अगदी कोरडा पोटॅश वीज वाहूच देईना. ऑक्टोबर 1807 मध्ये त्यांनी मधला मार्ग काढला. पोटॅशचा तुकडा हवेत थोडा वेळ ठेवला, म्हणजे फक्त पृष्ठभाग ओलसर होतो, तो प्लॅटिनमच्या बशीत ठेवून बशीला बॅटरीचं ऋण टोक जोडलं आणि वरून धन टोकाची तार टेकवली. पोटॅश दोन्ही जागी वितळू लागला. वर जोराने फसफसलं आणि खाली पाऱ्यासारखे चकचकीत, इवलेसे गोळे दिसले. काही तिथेच तेजस्वी ज्वाळेने पेटले. ते पोटॅशिअम होतं. प्रयोगशाळेत मदतीला असलेल्या त्यांच्या चुलतभावाच्या आठवणीनुसार डेव्ही आनंदाने खोलीभर नाचले. थोड्याच दिवसांत सोडिअम आणि पुढच्या वर्षी मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, स्ट्रॉन्शिअम, बेरिअम. आवर्तसारणीच्या डावीकडचे पहिले दोन गण पाहा, त्यांतली बरीच मूलद्रव्यं अशी बॅटरीतून बाहेर पडली आहेत.

डेव्हींच्या व्याख्यानांना बसलेला, पुस्तकबांधणी शिकणारा एक मुलगा 1813 मध्ये त्याच संस्थेत मदतनीस झाला. तो मायकेल फॅरडे. तोवर सगळे विचारत होते, विजेने काय काय फुटतं. फॅरडे यांनी विचारलं, किती फुटतं. 1830 नंतरच्या मोजमापांतून उत्तर आलं, की साचणारा पदार्थ किती, हे फक्त किती विद्युतप्रभार वाहिला त्यावर ठरतं. तारा जाड की बारीक, भांडं लहान की मोठं, याने फरक पडत नाही. 1 अँपिअर धारा तासभर वाहिली, तर ऋणाग्रावर, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीवर, चांदीच्या क्षाराच्या द्रावणात चांदी साचते सुमारे 4 ग्रॅम आणि मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात तांबं सुमारे 1.2 ग्रॅम. धनाग्र, ऋणाग्र, आयन या संज्ञाही 1834 मध्ये फॅरडे यांनी केंब्रिजचे विल्यम व्हेवेल यांच्या सल्ल्याने रूढ केल्या.

हिशेब इतका चोख निघाल्यावर विजेचं मोजमापच त्यावर उभं राहिलं. एडिसनने 1882 मध्ये न्यूयॉर्कमध्ये घरोघर वीज द्यायला सुरुवात केली, तेव्हा ग्राहकाच्या मीटरमध्ये काटे नव्हते. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवलेल्या असत. कंपनीचा माणूस ठरावीक काळाने पट्ट्या नेऊन तोलायचा आणि वजनात पडलेल्या फरकावरून बिल व्हायचं. पुढे तर खुद्द अँपिअरची आंतरराष्ट्रीय व्याख्या चांदीवर बेतली गेली: सेकंदाला 1.118 मिलिग्रॅम चांदी साचवणारी धारा. ही व्याख्या 1948 पर्यंत चालली.

विद्युत विलेपनाची, म्हणजे विजेने वस्तूवर धातूचा थर चढवण्याची, सुरुवातही याच वंशावळीतली. व्होल्टांचे परिचित लुइजी ब्रुन्यातेल्ली यांनी 1805 मध्येच चांदीच्या पदकांवर विजेने सोनं चढवलं होतं, पण त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1840 मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी सायनाइडच्या द्रावणाची पद्धत पेटंट केली आणि धंदा उभा राहिला. वस्तू ऋणाग्राला, चांदीची पट्टी धनाग्राला. पट्टी झिजत जाते आणि वस्तूवर थर चढत जातो. त्याआधी सोन्याचा मुलामा देताना सोनं पाऱ्यात कालवून वस्तूवर लावत आणि तापवून पारा उडवत. ती विषारी वाफ कारागिरांच्या छातीत जायची. आज आपल्याकडे दागिन्याला सोन्याचं पाणी देतात ते विजेने, पण सायनाइडही विषच आहे. म्हणून हा प्रयोग घरी करायचाच नाही. तांब्याचा थर शाळेत, बाईंच्या देखरेखीखाली मोरचुदाने पाहावा.

अॅल्युमिनिअमची गोष्ट 1886 ची. अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू, दोघेही 1863 मध्ये जन्मलेले, एकमेकांना न ओळखता एकाच युक्तीवर पोचले. अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनिअमचं ऑक्साइड, वितळायला 2000 अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागतं, पण वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात तो हजार अंशांच्या आतबाहेर विरघळतो. मग त्यातून वीज सोडायची. तोवर महाग मानला जाणारा धातू काही वर्षांत स्वस्त झाला. आजही अॅल्युमिनिअम याच पद्धतीने काढतात.

आणि निकल्सन यांचं कोडं? 1884 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात स्वांटे अऱ्हेनियस यांनी प्रबंध सादर केला. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी तो विचार स्पष्ट केला, की मीठ पाण्यात विरघळतं तेव्हाच त्याचे विद्युतप्रभारित भाग, म्हणजे आयन, सुटे होतात. वीज त्यांना फोडत नाही, फक्त ओढून नेते: धनायन ऋणाग्राकडे, ऋणायन धनाग्राकडे. परीक्षकांनी प्रबंधाला अगदी खालची श्रेणी दिली. 1903 मध्ये याच कामासाठी अऱ्हेनियस यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मधल्या पाण्यात हालचाल होती, ती डोळ्यांना दिसत नव्हती इतकंच. पाणी स्वतःही अगदी थोड्या प्रमाणात आयनांत विभागलेलं असतं, आणि हायड्रोजन व ऑक्सिजन सुटतात ते प्रत्यक्ष तारांच्या पृष्ठभागांवर, दोन वेगळ्या घडामोडींतून. एकच कण दोन टोकांना फाटत नाही. शाळेच्या टेस्टरने मिठाचं पाणी तपासलं की दिवा लागतो आणि साखरेचं तपासलं की लागत नाही, कारण साखर विरघळते पण तिचे आयन होत नाहीत. निकल्सन आणि कार्लाइल यांनी नळीत नदीचं पाणी भरलं होतं, क्षार असलेलं. अतिशुद्ध पाणी घेतलं असतं, तर बुडबुड्यांची ती धार जवळपास दिसलीच नसती.