कन्सोलच्या वावड्या कुठून उठतात?

नव्या गेमिंग कन्सोलची अधिकृत घोषणा होण्याच्या कितीतरी आधी त्याची चिप, मेमरी आणि कंट्रोलर यांच्या वावड्या उठू लागतात, आणि त्या सगळ्याच हवेतल्या नसतात. खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांना डेव्ह किट, म्हणजे यंत्राचा कामचलाऊ नमुना, बराच आधी द्यावा लागतो. चिपचा आराखडा बहुधा दुसरी कंपनी करते. पेटंटचे अर्ज यथावकाश सर्वांसाठी खुले होतात. इतक्या हातांतून जाणारी गोष्ट गुप्त राहणे अवघडच. मात्र ही फुटलेली माहिती अस्सल असली, तरी ती कोणत्या टप्प्यावरची आहे हे तिच्यावर लिहिलेले नसते, आणि वाचणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा तिथेच होते.

याचे जुने आणि ठसठशीत उदाहरण १९९७ चे आहे. पुढे ड्रीमकास्ट या नावाने आलेल्या कन्सोलसाठी सेगा या जपानी कंपनीने दोन आराखडे समांतर चालवले होते आणि त्यांपैकी एकात थ्रीडीएफएक्स या अमेरिकी कंपनीची ग्राफिक्स चिप होती. त्याच वर्षी या कंपनीने शेअर बाजारात उतरण्याचे ठरवले, आणि गुंतवणूकदारांपुढे ठेवायच्या कागदपत्रांत सेगाबरोबरच्या कराराचा तपशील उघड झाला. काही महिन्यांतच सेगाने तो आराखडा सोडून पॉवरव्हीआर चिपचा मार्ग धरला आणि प्रकरण कोर्टात गेले. फुटलेली माहिती शंभर टक्के खरी होती; पण तीत वर्णन केलेले यंत्र कधी बाजारात आलेच नाही.

निन्टेन्डोने मार्च २०१५ मध्ये आपल्या नव्या कन्सोलचे ‘एनएक्स’ हे सांकेतिक नाव जाहीर केले आणि पुढे दीड वर्ष त्याच्या स्वरूपाबाबत मौन पाळले. ही पोकळी भरायला लोक तयारच होते. मार्च २०१६ मध्ये एका काळ्या, लंबगोल कंट्रोलरची छायाचित्रे फिरू लागली: संपूर्ण दर्शनी भाग म्हणजे पडदा, त्यातून वर आलेल्या दोन छोट्या स्टिक, आणि बटणे नाहीतच. ती बनावट असल्याचे करणाऱ्यांनीच काही दिवसांत दाखवून दिले. जुलैमध्ये मात्र ‘युरोगेमर’ या संकेतस्थळाने दिलेली बातमी, म्हणजे काढता येणारे कंट्रोलर, हातात धरायचे यंत्र आणि एनव्हिडियाची टेग्रा चिप, २० ऑक्टोबरला स्विच समोर आला तेव्हा बरोबर ठरली. याच स्विचच्या, ओएलईडी पडदा असलेल्या आणि टीव्हीवर ४के, म्हणजे अधिक बारकाव्याचे चित्र देणाऱ्या सुधारित आवृत्तीची २०२१ मध्ये जोरदार चर्चा होती. जुलैमध्ये जाहीर झाले ते ओएलईडी पडद्याचे मॉडेल, आतली चिप जुन्याच ताकदीची. पडद्याची बातमी खरी, बाकीचा इमला मात्र कोसळला.

सोनीच्या प्लेस्टेशन ५ च्या बाबतीत गोंधळ आकड्यांचा झाला. त्याची चिप करणाऱ्या एएमडीमधील चाचण्यांची माहिती २०१९ संपता संपता बाहेर आली आणि तीतील ३६ कॉम्प्युट युनिट (ग्राफिक्स चिपमधील गणन-विभाग) व २ गिगाहर्ट्‌झ वेग यांच्या हिशेबातून ९.२ टेराफ्लॉप्स (चिपची गणनक्षमता) हा आकडा निघाला. मार्च २०२० मध्ये या कन्सोलचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी सांगितलेले युनिट ३६ च होते, पण वेग २.२३ गिगाहर्ट्‌झपर्यंत जाणारा असल्यामुळे आकडा १०.२८ झाला. खरे तर या यंत्राचे वेगळेपण सेकंदाला ५.५ गिगाबाइट वाचणाऱ्या एसएसडीत, म्हणजे माहिती साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हमध्ये होते, आणि त्याची चुणूक सर्नी यांनी एप्रिल २०१९ मध्येच जाहीर मुलाखतीत दिली होती. उघड सांगितलेल्या गोष्टीपेक्षा चोरून बाहेर आलेल्या आकड्यावर अधिक वाद घातला गेला, हे मला आजही गमतीचे वाटते.

धोरणांबाबतच्या वावड्यांची गत आणखी निराळी असते, कारण धोरण एका रात्रीत बदलता येते, चिप नाही. एक्सबॉक्स वनला इंटरनेट जोडणी सक्तीची असेल ही कुणकुण २०१३ च्या सुरुवातीपासून होती. मे महिन्यातील घोषणेनंतर दिवसातून एकदा जोडणी आवश्यक असल्याचे स्पष्टही झाले, आणि १९ जूनला मायक्रोसॉफ्टने ती अट मागे घेतली.

आता सोनीच्या पुढच्या कन्सोलचे आकडे चर्चेत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनी आणि एएमडी यांनी रे ट्रेसिंगसाठीचे (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र रंगवण्यासाठीचे) खास कोअर आणि मेमरीवरचा ताण कमी करणारे कॉम्प्रेशन यांची एकत्रित माहिती दिली. हे तंत्रज्ञान काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये आणायची इच्छा सर्नी यांनी बोलून दाखवली, आणि सध्या ते केवळ सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रतिकृतीत अस्तित्वात आहे, हेही त्याच वेळी सांगितले.