बांबूचा मग, लाखेचा भोवरा आणि ओटीचा खण : नाताळची भेट निवडताना

नाताळच्या आठवड्यात भेटवस्तूंच्या दुकानांत ‘बांबूचे’ मग हमखास दिसतात. वजनाला हलके, रंगाने मातकट, तळाशी हिरव्या पानाचं चित्र. बांबू झपाट्याने वाढतो हे खरं आहे. पण बांबूच्या भुकटीला मगाचा आकार द्यायचा तर ती धरून ठेवणारं काहीतरी लागतं, आणि बहुतेक वेळा ते असतं मेलामाइन-फॉर्मल्डिहाइडचं रेझिन. म्हणजे न फुटणाऱ्या जुन्या ताटल्या ज्याच्या असत, तेच प्लॅस्टिक. अशा मगात ७० अंश सेल्सियसच्या वर तापलेला चहा ओतला की ही रसायनं चहात उतरू लागतात. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०२० मध्ये हे तपासलं, तेव्हा साध्या मेलामाइनच्या भांड्यांपेक्षा बांबू मिसळलेल्या भांड्यांतून फॉर्मल्डिहाइड जास्त सुटत असल्याचं आढळलं. युरोपीय संघात अशा भांड्यांच्या विक्रीला मान्यता नाही. असा मग फुटल्यावरही प्रश्न उरतोच: तो लाकडासारखा कुजत नाही आणि भंगारातल्या प्लॅस्टिकसारखा वितळवताही येत नाही, कारण हे रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा मऊ होत नाही.

ओळखायचं कसं? खऱ्या बांबूच्या वस्तूवर उभ्या धाग्यांच्या रेघा असतात, कधी पेराची गाठ असते, आणि कोणत्याही दोन वस्तू हुबेहूब सारख्या नसतात. साच्यातल्या मगावर सगळीकडे एकसारखे बारीक ठिपके दिसतात. बांबूच्या ‘रेशमी’ मोज्यांचंही तसंच. तो धागा म्हणजे बांबूच्या लगद्यापासून केलेला व्हिस्कोस, आणि त्या प्रक्रियेत वापरला जाणारा कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे शब्द वापरणाऱ्याने त्यामागचा पुरावा द्यावा, असं त्यांत म्हटलं आहे. म्हणून दुकानदाराला बिनधास्त विचारावं की हे नेमकं कशाचं बनलंय. उत्तर ‘नॅचरल आहे’ एवढंच आलं तर वस्तू परत ठेवावी.

कापडी पिशवीबद्दलही थोडं थांबून विचार करायला हवा, कारण कार्यालयांमधून नाताळला सर्रास तीच वाटली जाते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांची तुलना केली. साध्या सुती पिशवीने पातळ प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायची, तर नुसता हवामानावरचा परिणाम धरला तरी ती ५२ वेळा वापरावी लागते, सेंद्रिय कापसाची असेल तर १४९ वेळा. पाणी, खतं, ओझोनचा थर असं सगळं धरलं तर हा आकडा हजारांत जातो. रस्त्यावर, गटारात, समुद्रात जाणाऱ्या कचऱ्याचा हिशोब त्यात नाही, त्यामुळे प्लॅस्टिकची पिशवी बरी असा अर्थ कुणी काढू नये. अर्थ एवढाच की ज्या घरात दाराच्या मागे आधीच आठ पिशव्या लटकत आहेत, तिथे नववी देणं ही पर्यावरणाची सेवा नव्हे. वस्तू किती दिवस हातात राहणार, यावर तिचा भार ठरतो.

मुलांसाठी द्यायचं असेल तर लाकडी खेळणं उत्तम. तिथे मात्र लाकडापेक्षा रंगाची चौकशी अधिक करावी. गोव्याच्या वेशीवरच्या सावंतवाडीतली चितारआळी लाकडी फळांसाठी आणि खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे भोवरे, खुळखुळे सगळीकडे मिळतात. चन्नपट्टणला पारंपरिक लाकूड काळ्या कुड्याचं: पांढरं, मऊ, बारीक पोताचं. ते वाळवून लेथवर फिरवतात आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पातळ थर चढतो. मग त्याच फेऱ्यात केवड्याचं पान दाबून धरलं की थर एकसारखा पसरतो आणि चकाकी येते. ब्रश नाही, थिनर नाही, वाळवण्याची भट्टी नाही. लाख येते ती पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर रस शोषणाऱ्या किड्यांच्या स्रावातून, आणि झारखंड-छत्तीसगडमधल्या आदिवासी कुटुंबांना तिच्यातून रोख पैसा मिळतो. लाख खरवडताना किडे मरतात. म्हणून प्राणिज काहीच न वापरणाऱ्या माणसासाठी ही भेट योग्य नाही.

पण लाखेसारखं दिसणारं प्रत्येक खेळणं लाखेचं नसतं. अनेक खेळण्यांवर ऑइल पेंट किंवा स्प्रेचा रंग मारलेला असतो. घरी आणल्यावर एक सोपी चाचणी करता येते. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कापसाच्या बोळ्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन खेळण्याच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी, अर्धा मिनिट घासावं. लाख असेल तर पृष्ठभाग चिकट होतो आणि रंग कापसावर येतो. वाळलेला ऑइल पेंट सहसा ढिम्म हलत नाही. चाचणीने तेवढ्या जागेची चकाकी जाते, म्हणून ती तळाशीच करायची. लाख आहे एवढ्यावर विषय संपत नाही, कारण लाखेत मिसळलेलं रंगद्रव्य कोणतं हे महत्त्वाचं. हळद, नीळ असे वनस्पतिजन्य रंग वापरणारे कारागीर ते आवर्जून सांगतात. पिवळा आणि नारिंगी भडक असतील तर जास्त विचारपूस करावी, कारण शिशाच्या क्रोमेटची रंगद्रव्यं याच छटांची असतात. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा भारतात दहा लाख भागांत ९० भाग इतकी आहे. ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे माळ्यावरचं जुनं रंगवलेलं खेळणं दात येणाऱ्या बाळाला देऊ नये. कारखान्यात बनलेल्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट असल्याने त्यांच्या खेळण्यावर चिन्ह नसणं म्हणजे फसवणूक नव्हे. आणि तीन वर्षांखालच्या मुलासाठी ३२ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून आरपार जाईल असा सुटा तुकडा खेळण्यात नको. तो घशात अडकतो.

मेणबत्तीवर मात्र लोक गरजेपेक्षा जास्त डोकं खपवतात. पॅराफिनची मेणबत्ती पेट्रोलियमची, म्हणून वाईट. सोयाची झाडाची, म्हणून चांगली, असं सांगितलं जातं. हिशोब करून पाहू. पॅराफिनमध्ये वजनाने सुमारे ८५ टक्के कार्बन असतो. कार्बन जळताना ऑक्सिजन घेऊन वजनाने ३.६७ पट होतो. म्हणजे २०० ग्रॅमची मेणबत्ती पूर्ण जळली तर साधारण ६२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, स्कूटर दहा-बारा किलोमीटर चालवावी तितका. सोयाची मेणबत्ती आणायला गाडी काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलात, तर फायदा वाटेतच संपला. सोया वॅक्स म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केलेलं सोयाबीन तेल, तेही शेतातून आणि कारखान्यातूनच येतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, सावकाश जळतं, पण एक किलो मेण तयार करायला माश्यांना सहा ते आठ किलो मध खर्ची घालावा लागतो. ते महाग असतं ते उगीच नाही. खूप स्वस्त मिळालं तर त्यात पॅराफिन आहे असं समजावं.

मेणबत्ती भेट दिलीत तर सोबत चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून द्या. दर वेळी पेटवण्याआधी वात ५ मिलिमीटर ठेवून कापायची, कारण लांब वातीला मेण जास्त पुरतं, ऑक्सिजन कमी पडतो आणि काजळी धरते. आणि पहिल्यांदा पेटवली की वरचं मेण कडेपर्यंत वितळेस्तोवर विझवायची नाही, नाहीतर मधोमध खड्डा पडत जातो आणि कडेचं मेण वायाच जातं. संपलेली बरणी दोन तास फ्रीझरमध्ये ठेवली की उरलेलं मेण आकसून सुटतं. बरणी बाहेर काढल्यावर लगेच गरम पाणी ओतू नये, काच तडकते.

चॉकलेटमध्ये प्रश्न माणसांचा आहे, आणि तो गंभीर आहे. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार या दोन देशांच्या कोको पिकवणाऱ्या भागांत सुमारे १५.६ लाख मुलं कोकोच्या शेतीत बालमजुरी करत होती: कोयत्याने फळं फोडणं, ओझी वाहणं, फवारणीच्या वेळी शेतात असणं. मोठ्या कंपन्यांनी हे थांबवण्याचा करार २००१ मध्येच केला होता. फेअरट्रेडसारख्या चिन्हात शेतकऱ्याला किमान भाव आणि वर थोडी जादा रक्कम असते. त्याने सगळं सुटत नाही, पण चिन्हाशिवाय तेवढीही हमी नसते. दुसरी वाट जवळची आहे. केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या सावलीत कोको होतो, आणि बी विकत घेऊन स्वतः भाजून-दळून वड्या करणारे छोटे भारतीय उत्पादक वेष्टनावर बागेचं नाव छापतात. बागेचं नाव छापणाऱ्याला प्रश्न विचारता येतात.

नाताळच्या सुमारास घरोघरी विकायला येणारी ‘होममेड’ चॉकलेटं मात्र बहुधा तयार कंपाउंडची लादी वितळवून साच्यात ओतलेली असतात. त्यात कोको बटरऐवजी हायड्रोजन जोडलेलं वनस्पती तेल असतं, अनेकदा पामचं. घटकांची यादी वाचावी. यादी नसेल तर जिभेवर कळतं. कोको बटर ३२ ते ३४ अंशांना, म्हणजे तोंडात, झरझर वितळतं. कंपाउंडचा मेणचट थर टाळूला चिकटून राहतो.

चमकी तर घेऊच नये. ती म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियम आणि रंग चढवून केलेला बारीक चुरा, आणि तो झाडूने, पाण्याने, कपड्यांवरून थेट गटारात जातो. युरोपीय संघाने १७ ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातली. त्याऐवजी ‘नैसर्गिक चमक’ म्हणून विकला जातो तो अभ्रक. झारखंडातल्या कोडरमा, गिरिडीहमध्ये बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून मुलं तो वेचतात, तिथे त्याला ‘ढिबरा’ म्हणतात. चकाकत्या सौंदर्यप्रसाधनांचा संच भेट देण्याआधी अभ्रक कुठून आला, हे कंपनी सांगते का, ते पाहावं.

आता वेष्टन. चंदेरी-सोनेरी गिफ्ट पेपर हा बऱ्याचदा पेपर नसतोच, ती धातूचा मुलामा दिलेली प्लॅस्टिकची फिल्म असते. मुठीत घट्ट चुरगळून सोडून द्या. कागद चुरगळलेलाच राहतो, कारण त्याचे तंतू मोडतात आणि नव्या जागी अडकतात. फिल्म हळूहळू उलगडू लागते. शंका राहिली तर फाडून कडा पाहावी: कागदाच्या कडेला केसासारखे तंतू दिसतात, फिल्म ताणली जाते. तरीही खात्री नसेल तर नखाएवढा तुकडा कोमट पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून बोटांनी चोळावा. त्याचा लगदा झाला तर तो रद्दीत चालेल. वर चकचकीत पापुद्रा उरला तर नाही, कारण कागद गिरणीतही पहिलं काम हेच असतं, पाण्यात कालवून तंतू सुटे करणं. मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रांवर गुंडाळायच्या प्लॅस्टिक फिल्मवर तर १ जुलै २०२२ पासून भारतात बंदीच आहे.

चिकटपट्टीही प्लॅस्टिकचीच, तिला पर्याय आपली खळ. दोन मोठे चमचे मैदा आधी पाव कप गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवायचा, मग पाऊण कप पाणी घालून मंद आचेवर पाच मिनिटं ढवळायचा. थेट गरम पाणी घातलं तर पिठाच्या गोळीचा बाहेरचा स्टार्च लगेच फुगून बंद होतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. गुठळ्या होतात त्या यानेच. पुस्तकबांधणीवाले खळ टिकावी म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी आहे, घरी घालू नये. फ्रीजमध्ये खळ चार दिवस राहते.

मराठी घरात याहून चांगलं वेष्टन कपाटात पडूनच असतं: ओटीत आलेले ब्लाउजपीस. कापडात वस्तू बांधायची तर चौकोनाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या तिप्पट हवा. ८० सेंटिमीटरच्या चौरसाचा कर्ण ११३ भरतो, म्हणजे ३५ सेंटिमीटरपर्यंतचं खोकं त्यात आरामात बसतं. वस्तू कर्णावर ठेवायची, दोन समोरासमोरची टोकं वर दुमडायची, उरलेल्या दोन टोकांची गाठ मारायची. गाठ सरकत असेल तर कापड टेरीकॉटचं, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलं, असावं. कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा वास सोडत राख होतो, पॉलिएस्टरचा कडक काळा मणी होतो. सुती असेल तर नंतर त्याचं फडकं, पिशवी, अस्तर काहीही होतं.

खाण्याची भेट द्यायची तर गोव्यातल्या कोन्सुआदच्या ताटाकडे पाहावं. नेवऱ्या (म्हणजे करंज्या), कुलकुल, दोदोल, बेबिंका अशा गोड पदार्थांनी भरलेलं ताट नाताळला शेजारीपाजारी जातं, त्यात हिंदू घरंही आली, आणि त्यांच्याकडून चवथीला-दिवाळीला उलट ताट येतं. काय किती टिकेल हे त्यात मोकळं पाणी किती उरलं यावर ठरतं. कुलकुल तळताना तेलात येणारे बुडबुडे म्हणजे पिठातल्या पाण्याची वाफ. ते जवळजवळ थांबेपर्यंत मंद आचेवर तळलं तर कुलकुल घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे राहतात. घाईत बाहेर काढले तर चार दिवसांत मऊ पडतात. नेवरीत ओला नारळ असेल तर तीन दिवसांत संपवावी, सुकं खोबरं आणि भाजलेला रवा असेल तर दोन आठवडे चालते. सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नये, नाहीतर झाकणाला धरलेली वाफ थेंबाथेंबाने खाली पडते आणि तिथूनच बुरशी लागते. आणि हे सगळं द्यावं ते स्टीलच्या डब्यात. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत अजून मोडलेली नाही, त्यामुळे तो काहीतरी घेऊनच घरी येतो.