चाकरमान्याचे कसब आणि परमुलखातले मोल

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एकाच आयटीआयमधून एकाच वर्षी बाहेर पडलेले दोघे वायरमन आखातात गेले आणि दहा वर्षांनी एक फोरमन झाला, दुसरा हेल्परच राहिला, तर गावात त्याला नशीब म्हणतात. स्थलांतराच्या अभ्यासकांना मात्र इतक्यावर थांबता येत नाही.

पहिला अडसर प्रमाणपत्राचा. इस्रायलमधील स्थलांतरितांवरील अभ्यासात अर्थतज्ज्ञ रेचल फ्रीडबर्ग यांना २००० साली असे आढळले, की मायदेशी घेतलेल्या शिक्षणाला तिथल्या बाजारात कमी मोबदला मिळतो. मात्र नव्या देशात आणखी शिकल्यास त्या जुन्या शिक्षणाचीही किंमत वाढते. आपल्याकडचे खलाशी या बाबतीत सुदैवी म्हणायचे. जहाजावरील प्रशिक्षणाचे किमान निकष १९७८ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरवून दिले असल्याने दापोलीच्या अधिकाऱ्याची पात्रता परक्या झेंड्याच्या जहाजावरही मान्य होऊ शकते. चिपळूणच्या परिचारिकेला मात्र बहुतेक देशांत परवान्यासाठी पुन्हा स्वतःला सिद्ध करावे लागते.

दुसरा मुद्दा ओळखीचा, आणि तो मला अधिक गुंतागुंतीचा वाटतो. गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कोकण्याला गिरणीतले काम बहुधा त्याच खोलीतून मिळत असे, आणि आखातातही पुष्कळदा तसेच घडते. पण समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत ओळखीतून नोकरी मिळवलेल्यांना विचारले, तेव्हा ज्याच्याकडून नोकरीचे कळले त्याला वारंवार भेटणारे १६.७ टक्केच निघाले, ५५.६ टक्के अधूनमधून आणि २७.८ टक्के क्वचितच भेटत होते. कारण उघड आहे: खोलीतल्या सर्वांना ठाऊक असते ते साधारण सारखेच, तर नवी खबर दूरच्या माणसाकडे असते. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळाच्या दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवरील प्रयोगाने यात एक दुरुस्ती केली. नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोगी पडतात त्या मध्यम सैल ओळखी. अगदी पुसट ओळखींचा तितका लाभ होत नाही. म्हणून गाववाल्यांच्या मंडळाने पहिली नोकरी दिली, तरी बढतीची वाट बहुधा त्याबाहेरून जाते, असे मला वाटते.

कर्तबगारीशी संबंध नसलेली कारणेही असतात. अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी कॅनडात हजारो बनावट अर्ज पाठवून पाहिले, तेव्हा शिक्षण आणि अनुभव सारखा असूनही इंग्रजी वळणाच्या नावांना मुलाखतीची बोलावणी अधिक आली.

काही बाबतींत सरकारे वाट सुकर करू शकतात. जर्मनीत २०१२ पासून परदेशी पात्रतेची तिथल्या अभ्यासक्रमाशी तुलना करून मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्यात अंशतः मान्यता मिळाल्यास नेमके काय शिकायचे राहिले हेही कळते. महाराष्ट्राने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केला, त्यात निघण्यापूर्वी जर्मन भाषेचे प्रशिक्षण धरलेले आहे. आखाताच्या वाटेवर मात्र भाषा आणि मान्यता या दोन्ही गोष्टी आपला वायरमन अजूनही बहुधा तिकडे पोहोचल्यावरच शिकतो.