धडधड वेगळी, घाम वेगळा

समजा, २ एप्रिल २०११ची वानखेडेवरची फायनल तुम्ही आज पुन्हा मोबाइलवर लावलीत. धोनीचा तो शेवटचा षटकार पाहतानाचा आपला चेहरा शूट केलात आणि परदेशातल्या भावाला पाठवलात. व्हिडिओच्या कोपऱ्यात नाडीचे ठोके दाखवले काय किंवा तळहाताचा घाम दाखवला काय, अंगातली खळबळ ती एकच, असं वाटतं ना? तसं नाही.

घामाचं गणित सरळ आहे. तळहातावरच्या घर्मग्रंथींना हुकूम येतो तो एकट्या अनुकंपी मज्जासंस्थेकडून, म्हणजे अंगाला खडबडून जागं करणाऱ्या यंत्रणेकडून. मन हललं की घाम किंचित वाढतो, त्वचेतून वीज जरा सहज वाहते आणि बोटांना लावलेले दोन इलेक्ट्रोड ती वाढ मायक्रोसीमेन्स या वीजवाहकतेच्या एककात टिपतात. फक्त ती एक ते तीन सेकंद उशिरा उमटते. व्हिडिओवर खूण करताना तेवढं मागे सरकलं नाही, तर षटकाराची खळबळ पुढच्याच दृश्याच्या नावावर जमा होते.

हृदयाला मात्र दोन लगाम. अनुकंपी मज्जासंस्था त्याला पळवते, व्हेगस ही चेता आवरते. म्हणून अचानक कशानं तरी लक्ष वेधलं की घाम वाढत असतानाच ठोके क्षणभर मंदावू शकतात. ‘काळजाचा ठोका चुकला’ असं पहिल्यांदा म्हणणारा माणूस फार चुकला नव्हता!

मग घामच मोजावा की! पण फोनला घाम कळत नाही, नाडी कळते. फ्लॅश लावून कॅमेऱ्यावर बोट टेकवलं की रक्ताच्या लाटेबरोबर बदलणारा प्रकाश दिसतो. साध्या कॅमेऱ्यानं, आहे त्या उजेडात, चेहऱ्यावरूनही नाडी वाचता येते, हे २००८मध्ये दाखवलं गेलं. तो रंगबदल इतका सूक्ष्म असतो, की व्हिडिओ पाठवताना फाइल दाबून लहान केली जाते त्यात तो सहज पुसला जातो. त्यामुळे ठोके आपल्याच फोनवर मोजून व्हिडिओसोबत धाडलेले बरे.

आनंद की धास्ती, हे मात्र दोन्हींपैकी एकालाही धड सांगता येत नाही. त्यासाठी चेहरा आणि आवाजच हवा. अ‍ॅपल वॉचमध्ये २०१५पासून आपले ठोके दुसऱ्याच्या मनगटावर थाप म्हणून पाठवता येतात. मला ते आवडतं. नुसता १३०चा आकडा पाहिला, तर भाऊ आधी विचारेल, ‘जिना चढून आलास का रे?’