बदाम राणी वेगळी, लाल राणी वेगळी

शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरीला ‘रेड क्वीन’ करायचं ठरलं की म्हापशाच्या बाजारातून लाल सॅटिन येतं आणि त्यावर मोठाले बदाम शिवले जातात. झगा झकास दिसतो, फक्त तो भलत्याच राणीचा असतो.

लुईस कॅरल या इंग्रज लेखकाची ॲलिस नावाच्या मुलीवर दोन पुस्तकं आहेत. १८६५च्या पहिल्या पुस्तकात ती सशाच्या बिळातून खाली जाते. तिथं पत्त्यांचं राज्य, म्हणून राणी बदामची. १८७१च्या दुसऱ्यात ती आरशातून पलीकडे जाते, तर सगळा मुलूख म्हणजे बुद्धिबळाचा पट. ॲलिस त्यातलं पांढरं प्यादं, आठव्या घरात पोचून राणी होणारं. लाल राणी ही या पटावरची सोंगटी, आपल्या भाषेत वजीर. २०२५चा बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यातच झाला, त्यामुळे मुलांना हे समजवायला फार वेळ लागू नये.

स्वभावही दोघींचे निराळे. बदाम राणी आरडाओरडा करते, ऊठसूट कुणाचंही मुंडकं उडवायचा हुकूम सोडते, आणि प्रत्यक्षात कुणाचं काही उडत नाही. लाल राणीचा राग थंड. ती चुका काढते: नीट बोल, बोटांशी चाळा करू नकोस, चालताना पावलं बाहेर वळव. ॲलिसचा हात धरून धाप लागेस्तोवर पळवते, थांबल्यावर बघावं तर दोघी त्याच झाडाखाली! वर तहानलेल्या पोरीला कोरडं बिस्कीट देते. मला विचाराल तर खरी भीती हिचीच वाटते. कॅरलनंही १८८७मध्ये एका लेखात बदाम राणीला आंधळा संताप म्हटलं होतं आणि लाल राणीला थंड डोक्याची, कडक शिस्तीची मास्तरीण.

मग घोळ झाला कुठे? डिस्नेच्या १९५१च्या संगीतमय ॲनिमेशनपटात. त्यात दोन्ही पुस्तकं एकत्र कालवली आहेत. जुळे ट्वीडलडम-ट्वीडलडी, बोलणारी फुलं, वाढदिवस नसल्याच्या दिवसाची कल्पना, हे सगळं दुसऱ्या पुस्तकातलं. लाल राणी मात्र चित्रपटात नाहीच, तिची वाक्यं बदाम राणीच्या तोंडी घातली आहेत. सगळ्या वाटा माझ्याच, असं चित्रपटातली राणी ठणकावते, ते मुळात लाल राणीचं. टिम बर्टनच्या २०१०च्या चित्रपटानं तर कहर केला: नाव लाल राणीचं, बदाम आणि मुंडकी उडवण्याची हौस मात्र दुसरीची.

तेव्हा आधी बाईंना विचारा, नाटुकलं कशावरून बसवलंय. १९५१च्या चित्रपटावरून असेल तर बदाम राहू द्या, शेजारी एक बुटका राजाही लागेल. दुसऱ्या पुस्तकावरून असेल तर बदाम उसवा, घरातल्या पटावरच्या वजिरासारखा मुकुट पुठ्ठ्याचा करा, आणि पोरीला ओरडायला शिकवू नका.