कंपनी विलीन झाली म्हणून सिम बदलू नका
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नौपाडा, ठाणे)

दोन मोबाइल कंपन्या एकत्र येणार अशी बातमी आली की दुसऱ्या दिवशी आमच्या मोबाइलच्या दुकानात एकच प्रश्न असतो, ‘माझा नंबर बंद होणार का?’ गर्दीच्या वेळी प्रत्येकाला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

कंपनी विलीन होणं वेगळं आणि बंद पडणं वेगळं. व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ ला एक झाल्या, नवं नाव तर दोन वर्षांनी आलं. जुलै २०१९ मध्ये टाटा डोकोमोचे ग्राहक एअरटेलकडे गेले. दोन्ही वेळी नंबर तोच राहिला, त्यामुळे बँकेत किंवा आधारला काही कळवावं लागलं नाही. मुंबईतल्या लूप या मोबाइल कंपनीचं (आपली जुनी बीपीएल) तसं झालं नाही. एअरटेलशी ठरलेला व्यवहार फिसकटला, नोव्हेंबर २०१४ मध्ये परवान्याची मुदत संपली आणि ग्राहकांना धावपळ करून पोर्ट करावं लागलं, म्हणजे नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जावं लागलं. कंपनी बंद होणार असेल तरच घाई करा. एमटीएनएलचं मोबाइलचं काम २०२५ पासून बीएसएनएल पाहते, पण त्या दोन कंपन्या अजून एक झालेल्या नाहीत.

आता ज्या चुकीपायी तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, ती. बातमी वाचून माणूस घाबरतो, कंपनीच्या गॅलरीत (म्हणजे तिच्या दुकानात) जाऊन त्याच नंबरचं नवं सिम घेतो, रेंज सुधारली नाही की दोन दिवसांनी आमच्याकडे येऊन म्हणतो, ‘पोर्ट करून द्या.’ ते होत नाही. १ जुलै २०२४ पासूनचा नियम असा की सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. चोरानं तुमच्या नंबरचं दुसरं सिम घेऊन नंबर पळवू नये, यासाठी हा नियम आहे. आमच्यावर चिडून उपयोग नाही, आमच्या हातात काही नसतं. शिवाय सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपीही नाही. पगाराच्या दिवशी हे करून बसलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

पोर्टच करायचं असेल तर जुनं सिम फोनमध्ये असतानाच इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर मेसेज करा. आलेला कोड आपल्याकडे चार दिवस चालतो, तेवढ्यात दुकानात या. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स नव्या कंपनीत येत नाही, म्हणून वर्षभराचा रिचार्ज मारून पुढच्या आठवड्यात पोर्टला येऊ नका. जुनं सिम बंद पडेपर्यंत फेकू नका.

पोर्टवर कंपनी आम्हाला कमिशन देते, ते आम्ही लपवत नाही. पण कोणत्या कंपनीची रेंज तुमच्या बिल्डिंगमध्ये येते ते आधी विचारतो आणि गरज नसेल तर ‘राहू द्या’ असंही सांगतो. विलीनीकरणानंतर स्क्रीनवरचं नाव बदलून नेट बंद पडलं, तर बऱ्याचदा फोनमधली एपीएनची (नेट जोडण्याची) सेटिंग बदलली की काम होतं. ते फुकट करून देतो. जुन्या फोनमधले नंबर आणि फोटो नव्या फोनमध्ये घालून द्यायचे मात्र पैसे घेतो, कारण त्यात तास-दीड तास जातो. दोन सिमचे साधे फोनही ठेवले आहेत, पोर्ट होईपर्यंत दोन्ही सिम चालू ठेवायला बरे पडतात.

‘विलीनीकरणामुळे सिम बंद होईल, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर सरळ कट करा.

येताना मूळ आधार कार्ड आणा. सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच यायचं, कारण फोटो तिथेच काढावा लागतो. मुलाच्या नावावरचं सिम घेऊन वडील आले, तर त्यांना चहा पाजण्यापलीकडे आम्ही काही करू शकत नाही.